दस्तगीरमामा आणि शिशुपुष्टीचा डबा

दस्तगीरमामांची नि माझी ओळख एका वासाने झाली. कोल्हापूरच्या कॉलेजात येऊन मला तिसराच दिवस होता. रसायनशाळेच्या दारात, आत जावं की जाऊ नये, असा मी घुटमळत उभा होतो. एवढ्यात आतून एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून कानाला दोरा, आणि बोटं अशी काळीपिवळी की जन्मभर हळद नि शाई एकत्र कालवत बसले असावेत. त्यांच्या हातात बुचाची बाटली होती. बूच काढून त्यांनी ती सरळ माझ्या नाकाखाली धरली.

"हुंग."

मी हुंगलं आणि भिंतीला जाऊन टेकलो.

"काय हाय?"

"एखादं आम्ल असावं," मी म्हणालो. पुस्तकाची पहिली दहा पानं मी पाठ केली होती.

"आम्ल असावं! आरं, दूध हाय. नऊ दिसांचं. तुझं नाक पुस्तकात ठेवून आलास व्हय?"

मी शरमलो. पण मामा खूश दिसले. "तोंड वाकडं केलंस ते मातूर बेस केलंस. किळस आली पायजे. किळस यायची बंद झाली की माणूस काय बी गिळतंय."

दुधात चांदीचं नाणं टाकलं की ते नासत नाही, असं कुणीतरी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. म्हणून त्यांनी दोन बाटल्या ठेवल्या होत्या, एक नाण्याची आणि एक बिननाण्याची. मला हुंगायला दिली ती नाण्याची.

मामांचं घराणं शिकलगारांचं. वडील तलवारी नि विळ्या-कात्र्यांना धार लावीत. मामा मात्र तरुणपणीच कॉलेजात काचेची भांडी विसळायला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. इंग्रजी त्यांना एक अक्षर येत नव्हतं. मराठी मात्र बोट ठेवून सावकाश वाचीत, आणि वाचीत त्या बहुतेक जाहिराती. अमक्या गोळ्यांनी अंगी दहा हत्तींचं बळ येतं, तमक्या अर्काने रक्त दुप्पट होतं. अशी जाहिरात दिसली की मामा ती कापून सामानाच्या कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवीत, ती वस्तू कुणाकडून तरी चिमूटभर मिळवीत आणि जे आढळेल ते खाली कोळशाने लिहीत. 'साखर आणि रंग.' 'खडू.' एका जागी नुसतं 'थू' असं लिहिलेलं मी पाहिलं. तिथे काय आढळलं होतं ते विचारायचा धीर मला झाला नाही.

"छापलंय म्हणून खरं हाय व्हय?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पण कुणी जुनं मत सांगू लागलं तर तेच वाक्य ते फिरवून विचारीत, "आज्यानं सांगितलं म्हणून खरं हाय व्हय?" त्यामुळे त्यांचं कुणाशीच फारसं पटत नसे.

मंगळवार पेठेत तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली तेव्हाची गोष्ट मी इतरांकडून ऐकली आहे. इंजिनाच्या पिठातलं सत्त्व जळून जातं, ते खाल्लेला पैलवान महिन्यात ढिला पडतो, अशी आवई उठली. तालमीच्या वस्तादाने पोरांना शपथ घातली. मामा तेव्हा रोज संध्याकाळी गिरणीसमोर जाऊन उभे राहायचे. पट्टा कसा फिरतो, धूर कुठून जातो, हे बघताना त्यांना भान राहत नसे. इंजिनवाल्याला ते इतके प्रश्न विचारीत की शेवटी तो म्हणाला, "मामा, तुम्हीच चालवा की, मी घरी जातो."

मग मामांनी एक महिना इंजिनाच्या पिठाची भाकरी खाल्ली आणि एक महिना जात्यावरच्या पिठाची. दर आठवड्याला ते गुळाच्या वखारीत जाऊन मोठ्या ताजव्याच्या पारड्यात मांडी घालून बसत. हमाल ओरडायचे, "मामा, ढेप किती भरली?" ढेप दोन्ही महिने तेवढीच भरली. मामा वस्तादाला सांगायला गेले. वस्ताद म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला ताकदीतलं काय कळतंय! मामा म्हणाले, "मग तुमच्या पैलवानाला बशिवा पारड्यात." कुणी बसवला नाही.

"पिठातली ताकद कुठं गेली न्हाय," मामा मला सांगत. "पहाटं उठून जातं वढणाऱ्या बायकांच्या कंबरंत मातूर थोडी आली." पण लगेच पुढे म्हणत, "तरी गरम पीठ डब्यात दाबून ठिवू नगा. लौकर कडू हुतंय. ते बी मी बघितलंय." असं असल्यामुळे इंजिनवाला त्यांच्यावर नाराज आणि वस्तादही नाराज.

पाण्याच्या एका थेंबात वळवळणारे जीव दाखवणारी काच त्यांनी कॉलेजात पाहिली होती. बर्फ करणारं यंत्र कुठे आलं, कसं चालतं, हे ते परगावाहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारीत. नव्या यंत्राचं नाव निघालं की हा माणूस लहान होऊन जाई. नव्याच्या नावाने खोटं विकणाऱ्याचा मात्र त्यांना असा तिटकारा होता की त्याच्याबद्दल बोलताना ते आधी बाहेर जाऊन थुंकून येत.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय मामा कोण होते हे सांगता येणार नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. महाराजांनी आमच्यासारख्यांच्या पोरांसाठी बोर्डिंग काढून दिलं म्हणून मी शिकतो आहे. सुट्टीत गावी गेलो की लोक माझ्याकडे पत्रं आणतात, बाटल्यांवरचे कागद आणतात आणि विचारतात, "काय ल्हिलंय?" मी सांगतो. कधी अर्धं समजलेलं असतं. अर्धं मी जुळवतो. आजवर ते कुणाला कळलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण गौरा कागलला दिली आहे. तिचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा असताना तिला ताप आला आणि अंगावरचं दूध आटलं. तिची सासू, नीलव्वा, म्हणाली की शेजारच्या शेळीचं दूध पाजू. मी त्या दिवशी तिथे होतो. शेळीचं नाव ऐकून मला हसू आलं. हे लिहिताना त्या हसण्याची मला किळस येते. वर्तमानपत्रात मी 'शिशुपुष्टी' नावाच्या पुडीची जाहिरात वाचली होती. गुबगुबीत मुलाचं चित्र, आणि खाली मराठीत लिहिलेलं : 'आईच्या दुधातील सर्व सत्त्व. दुधाची गरज नाही. केवळ ऊन पाण्यात कालवून द्यावे. शास्त्रीय अन्न.' कोल्हापुरात तिचा एजंट होता. त्याच्या रुमालाला अत्तराचा वास येत होता. तो मला म्हणाला, "आपण कॉलेजचे. आपल्यालाच याचं मोल समजणार." एवढं त्याला पुरलं.

डबा घेऊन मी कागलला गेलो. सोप्यात घरची नि शेजारची दहाबारा माणसं जमली. नीलव्वा म्हणाली, "वाचा की पावणं, काय म्हणतोय डबा?" डब्याच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. पहिल्या ओळीतले दोन शब्द मला अडले. शब्दकोश बोर्डिंगात होता. मी जाहिरातीतलं मराठी आठवलं आणि डब्यावर बोट फिरवत फिरवत तेच म्हणून दाखवलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर मुलाचे गाल भरले होते. पूर्वी सारखा किरकिरायचा, आता शांत पडून होता. मला इतका आनंद झाला की परत आल्यावर मी त्या एजंटला आभाराचं पत्र लिहिलं. खाली सही केली, नाव, कॉलेज, सगळं. माझ्या अक्षराचं कौतुक व्हावं असंही मनात होतं.

दुसरा डबा पाठवण्यासाठी आणून ठेवला होता. एका दुपारी रसायनशाळेत मामांना मी हे सगळं अभिमानाने सांगितलं. मामा परीक्षानळ्या पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "गाल भरलं? आनि रडतंय किती?"

"अजिबात रडत नाही. शांत असतो."

मामांचा हात थांबला. "तानं मूल रडत न्हाय?"

"नाही."

"डबा आण जा. पळत जा."

मी आणला. मामांनी झाकण उघडून हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. ओल्या पोत्यासारखा कुबट वास. आत पांढरीफेक पूड, आणि तीत एक बारीक टोका, धान्यातला किडा, चालत होता. त्यांनी चिमूटभर पूड पाण्यात शिजवली, गार होऊ दिली आणि वर आयोडीनचा एक थेंब टाकला. क्षणात सगळं निळंकाळं झालं. पिठाला, साबुदाण्याला, तांदळाच्या पेजेला हाच रंग येतो, हे मी वर्गात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं.

"वाच आता. बारीक अक्षर."

मी बोर्डिंगातून शब्दकोश आणून बसलो. अर्धा तास लागला. तांदळाचं आणि आरारूटचं पीठ, असं लिहिलं होतं. आणि शेवटच्या ओळीत होतं की हे ताज्या दुधात घालून द्यावं.

"मग तिथं काय वाचलतंस?"

"ऊन पाण्यात कालवून द्यावं."

"आसं ल्हिलंय?"

"नाही."

"मग कसं वाचलंस?"

"मामा, सोप्यात सगळी बसली होती..."

मामा उठून बाहेर गेले. थुंकल्याचा आवाज आला. आजवर ते एजंटांसाठी, वैदूंसाठी, जाहिरातवाल्यांसाठी बाहेर जात. आज ते माझ्यासाठी गेले होते. परत आले तेव्हा त्यांच्या हातात त्यांची काठी होती आणि आयोडीनची बाटली फडक्यात गुंडाळलेली होती.

"चल कागलला."

"आत्ता? उद्या सकाळी..."

"मूल उपाशी हाय, पोरा. पोट भरून उपाशी हाय."

सहा कोसांची वाट. अर्धी आम्ही चाललो आणि अर्धी एका रिकाम्या गुळाच्या गाडीवर बसून गेलो. पोचलो तेव्हा दिवे लागत होते. गौराचं सासर आमच्यासारखंच लिंगायतांचं, आणि मामा मुसलमान. मामा आपण होऊन अंगणातल्या कट्ट्यावरच बसले. पाणी मिळालं ते वेगळ्या तांब्यातून. तेही मी पाहिलं आणि गप्प राहिलो.

गौरा मुलाला घेऊन बाहेर आली. "बगा की अण्णा, कसा गप झोपतोय."

मामांनी लांबूनच पाहिलं. "अव्वा," ते नीलव्वाला म्हणाले, "तेच्या पायावर तुमचा आंगठा दाबा बघू."

तिने दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा. ते गाल मांसाने भरलेले नव्हते. सुजले होते. नीलव्वाने तोंडावर पदर घेतला.

मामांनी तीन वाट्या मागवल्या. एकीत भाताची पेज, एकीत डब्यातली कालवलेली पूड, एकीत शेजारून आणलेलं शेळीचं दूध. तिन्हींत एक एक थेंब टाकला. पेज निळी झाली. पूड निळी झाली. दूध पिवळट राहिलं.

"ही तर पेजच की वं!" नीलव्वा ओरडली. "पेज मी चुलीवर करत न्हवतो व्हय? तेला इलायती डबा कशाला?"

पण गौराने मुलाला छातीशी घट्ट धरलं. "रंगाचं मला काय ठाऊक न्हाय. अण्णानं वाचून दावलंय. अण्णा कालेजात हाय. ह्यो माणूस कोन?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मामाही. त्यांनी मला वाचवायला एक शब्द काढला नाही. मला वाटलं, म्हणावं की कंपनीने फसवलं, एजंटने फसवलं, छपाईत चूक होती. हे सगळं जिभेवर आलं. मग मुलाच्या पायावरचा तो खळगा मला पुन्हा दिसला.

"गौरा," मी म्हणालो, "मी वाचलंच नव्हतं. मला ते इंग्रजी समजलं नव्हतं. मी आपल्या मनाने सांगितलं."

गौराने मान खाली घातली. नीलव्वा म्हणाली, "ठाऊक न्हवतं तर तवाच म्हनायचं हुतं, पावणं. आमाला बी वाचाय येत न्हाय. आमी काय लाजलो?"

मग मामांनी तिला सांगितलं की दूध उकळायचं, निम्मं पाणी घालायचं, वाटी-चमचा दर वेळी उकळत्या पाण्यात बुडवायचा, चमच्याचमच्याने थोडं थोडं पाजायचं, दोन दिवसांनी पाणी कमी करायचं. आयोडीन घातलेल्या तिन्ही वाट्या त्यांनी स्वतः नेऊन लांब ओतल्या आणि राखेने तीनदा घासल्या.

परतताना मी विचारलं, "मामा, जगेल ना?"

"ठाऊक न्हाय," मामा म्हणाले.

दुसरा कुणी असता तर माझी समजूत काढली असती. मला त्या वेळी त्यांचा राग आला. आता वाटतं, त्या दिवसांत ज्यांनी मला काहीही विकलं नाही असे ते एकटेच होते.

अकरा दिवसांनी निरोप आला. सूज उतरली होती. मुलगा हडकला होता, पण दुधासाठी आळी उठवील असा रडत होता. मी धावत जाऊन मामांना सांगितलं. "तुमच्यामुळे वाचला," असंही म्हणालो.

"शेळीमुळं," मामा म्हणाले. "सासूचं ऐकलं असतंस तर माझी गरज न्हवती." पण त्या दिवशी त्यांनी चष्मा दोनदा काढून पुसला.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. दीड महिन्याने मामांनी मला कपाटापाशी बोलावलं. हातात वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा होता. 'शिशुपुष्टी'ची नवी जाहिरात, आणि तीत चौकटीत माझं पत्र. माझं नाव. कॉलेज. 'कागल येथील माझा भाचा आपल्या पुडीने पुष्ट झाला.' मराठी अगदी शुद्ध होतं. नऊ दिवसांच्या दुधाने आली नव्हती एवढी किळस त्या सुबक वाक्याची आली.

मी एजंटकडे गेलो. तो अत्तराचा रुमाल तोंडाला लावून हसला. "पत्र आपलंच ना? सही आपलीच ना?" मी वर्तमानपत्राला खुलासा लिहिला, दोनदा लिहिला. छापून आला नाही. पुढच्या आठवड्यात जाहिरात मात्र आली, जरा मोठी होऊन. एका वडीलधाऱ्या शिक्षकांनी सल्ला दिला, "परीक्षेचं वर्ष आहे, कशाला नादी लागतोस?" मला खरं सांगायचं तर तो सल्ला आवडला होता.

मामांना मी तसं सांगितलं. त्यांनी जाहिरात कपाटाच्या दाराला चिकटवली. कोळसा उचलला, आणि मग माझ्या हातात दिला.

"हितं तूच ल्ही. काय आढळलं ते."

मी लिहिलं, 'तांदूळ आणि आरारूट.' मामा वाट पाहत राहिले. मी खाली लिहिलं, 'आणि माझं खोटं.'

"झालं," मामा म्हणाले. "पर हे कपाट आतनं कोण वाचतंय? तेनं तुझं नाव तेच्या कागदावर छापलंय. तू तुझ्या कागदावर ल्ही."

"माझा कुठला कागद आहे, मामा?"

"शिकलास न्हवं? गावंल."

यंदाच्या थंडीत चार दिवसांच्या तापाने मामा गेले. मयतीला मी गेलो होतो. त्यांच्या बोटांवरचे डाग धुऊनही निघाले नव्हते. रसायनशाळेत आता दुसरा माणूस आहे. त्याने कपाटाचं दार आतून खरवडून स्वच्छ केलं आहे.

कॉलेजच्या अंकासाठी 'आठवणीतली व्यक्ती' लिहायला सांगितली तेव्हा मला दुसरं कुणी सुचलं नाही. मामांचं चित्र मला नीट उतरवता आलं की नाही, ठाऊक नाही. पण हा अंक गावोगाव घरी जातो, आणि वाचता येणारा एखादा मुलगा तो सोप्यात बसून मोठ्याने वाचतो. त्याने पुढचं जरा सावकाश वाचावं.

जाहिरातीतलं ते पत्र माझं आहे. ते खोटं आहे. कागलचं मूल त्या पुडीने सुजलं होतं आणि शेळीच्या दुधाने वाचलं. तुमच्या घरात तो डबा असेल आणि मूल रडेनासं झालं असेल, तर मामांबद्दल मग बोलू. आधी उठा, आणि त्याच्या पायावर अंगठा दाबून बघा.